चौथा रकाना

जळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या गेटवर लागलेली नोटीस काही केल्या मनातून जात नाही. ए-फोर कागद, वर लेटरहेड, खाली निळ्या शाईतली सही आणि गोल शिक्का. 'नवीन श्रमसंहितेनुसार वेतनाच्या व्याख्येत बदल झाला असल्याने चालू महिन्यापासून वेतनरचनेत आवश्यक ते फेरबदल करण्यात येत आहेत, तरी सर्व संबंधितांनी याची नोंद घ्यावी.' संहितेचं नाव बरोबर, तारीख बरोबर, शुद्धलेखनात एक चूक नाही. पहिली शिफ्ट सुटली तसे हातात डबे घेऊन पाच-सहा जण तिथे थांबले. एकाने मोठ्याने वाचून दाखवली. वाचून झाल्यावर मागच्याने विचारलं, "मंग हातमा कितला येतीन, भो?" वाचणाऱ्याने कागद पुन्हा वरून खाली पाहिला, मान हलवली, आणि सगळे गाड्यांच्या स्टँडकडे निघून गेले. दुसरी शिफ्ट मशीनवर उभी राहीपर्यंत 'निम्मा पगार पीएफला जाणार' ही बातमी सगळ्या खात्यांत पोहोचली होती.

नोटीस लिहिणारा माणूस कामचुकार असता तर विषय तिथेच संपला असता. पण तो मनापासून काम करणारा, दरवर्षी काही ना काही शिकणारा. खुर्चीमागच्या भिंतीवर प्रमाणपत्रांची रांग: एम्प्लॉयी एंगेजमेंट, नेतृत्वासाठी कथाकथन, अंतर्गत संवादाची रणनीती. सगळे ऑनलाइन वर्ग त्याने ऑफिस सुटल्यावर, स्वतःच्या वेळात केलेले. एवढं शिकणाऱ्या माणसाच्या नोटिशीतून नेमका तोच एक प्रश्न कसा सुटतो? आमच्या पेशात, म्हणजे कंपनीची गोष्ट तिच्याच कामगारांपर्यंत पोहोचवायच्या 'अंतर्गत संवादा'च्या कामात, सतत शिकत राहण्याबद्दल बरंच बोललं जातं. ते शिकणं कागदावर का उतरत नाही, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही.

आणि उत्तर अवघड नव्हतंच. कामगारांविषयीचे जुने कायदे एकत्र करणाऱ्या चारही श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. वेतनाच्या नव्या व्याख्येत काही भत्ते वेतनाबाहेर ठेवता येतात, पण एकूण मोबदल्याच्या निम्म्यापर्यंतच. त्यावरची रक्कम वेतनात धरायची. समजा एखाद्याचा महिन्याचा पगार २२,००० आहे. त्यात बेसिक आणि महागाई भत्ता मिळून ९,०००, बाकीचे १३,००० इतर भत्ते. निम्मे म्हणजे ११,०००, म्हणून वरचे २,००० वेतनात जातात आणि पीएफ ज्याच्यावर मोजायचा ती रक्कम ९,००० ची ११,००० होते. बारा टक्क्यांनी आधी १,०८० कापले जायचे, आता १,३२०. हातात २४० रुपये कमी. तेवढेच २४० मालकाच्या वाट्याचेही जास्त जमा होणार, आणि ग्रॅच्युइटीचा हिशेबही मोठ्या आकड्यावर होणार. हे चार ओळींत बसतं. 'निम्मा' हा शब्द मूळ नियमात आहेच. तो कुणीतरी कुठेतरी अर्धवट ऐकला आणि नोटिशीने सोडलेल्या रिकाम्या जागेत जाऊन बसला. अफवा बहुतेक वेळा अशाच तयार होतात, खऱ्या गोष्टीच्या एका तुकड्यापासून. त्यामुळे 'अफवांवर विश्वास ठेवू नये' अशी दुसरी नोटीस लावून काही साधत नाही. तो तुकडा ओळखून त्याच्या शेजारी बाकीची गोष्ट ठेवावी लागते.

या चार ओळी लिहायला नवी व्याख्या वाचलेली हवी, पगारपत्रकातले रकाने ओळखता यायला हवेत, आणि अकाउंट्समधल्या माणसाशेजारी तासभर बसून दोन-तीन खऱ्या स्लिपांवर आकडेमोड केलेली हवी. स्लिपा निरनिराळ्या घ्याव्या लागतात. ज्याचं बेसिक आधीच निम्म्याच्या वर आहे त्याला काहीच फरक पडत नाही, आणि नोटिशीत तेही लिहावं लागतं, नाहीतर तोही घाबरतो. अकाउंट्समधला हा तास कुठल्याच प्रमाणपत्रात मोजला जात नाही. माझ्या मते या पेशातलं खरं शिक्षण तिथून सुरू होतं.

बाहेरच्या देशांत या शिकण्याचा हिशेब ठेवतात. ब्रिटनमध्ये कारखान्यांची गृहपत्रं, म्हणजे आपल्याच कामगारांसाठीची नियतकालिकं, काढणाऱ्या संपादकांनी १९४९ मध्ये ब्रिटिश असोसिएशन ऑफ इंडस्ट्रियल एडिटर्स ही संघटना उभी केली, तीच आजची इन्स्टिट्यूट ऑफ इंटर्नल कम्युनिकेशन. तिथल्याच जनसंपर्क व्यावसायिकांच्या चार्टर्ड संस्थेत सभासदाने वर्षाला ६० गुणांचं शिक्षण नोंदवायचं असतं, आणि त्यातले ५ गुण नीतिमत्तेसाठीच राखलेले असतात. ते पाच गुण मला फार महत्त्वाचे वाटतात, त्यांच्याकडे पुढे येऊच. आपल्याकडे पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया १९५८ पासून आहे, पण हे काम करायला कुठलंही सभासदत्व किंवा गुण लागत नाहीत. खान्देशात तर 'इंटर्नल कम्युनिकेशन' अशी पाटी असलेलं टेबल शोधावं लागेल. हे काम इथे एचआरमधल्या ज्युनियर माणसाकडे असतं, टाइम ऑफिसात असतं, सेफ्टी ऑफिसरकडे असतं, साखर कारखान्यात लेबर ऑफिसकडे, रुग्णालयात मेट्रनकडे, बँकेत प्रशासन विभागातल्या एखाद्या बाईंकडे. पूर्वी ५०० कामगारांच्या कारखान्याला कल्याण अधिकारी सक्तीचा होता. नव्या संहितेने ती मर्यादा २५० वर आणली आहे. म्हणजे धुळे, चाळीसगाव, शिरपूर, नवापूरकडच्या अनेक मध्यम कारखान्यांत हा माणूस पहिल्यांदाच येणार, आणि नोटीस बोर्डाची किल्लीही त्याच्याच हातात पडणार. त्याला कोण शिकवणार? कुणीच नाही. त्याने स्वतःच शिकायचं आहे.

शिकायला एक वही पुरते. दोनशे पानी, आखीव. पानावर चार रकाने पाडायचे. पहिल्यात तारीख. दुसऱ्यात काय केलं: वर्ग, वाचन, कुणाशेजारी बसणं, गेटवर उभं राहणं, काहीही. तिसऱ्यात त्यातून काय कळलं, एका वाक्यात. आणि चौथ्यात, त्यामुळे कुठली नोटीस, कुठला मेसेज, कुठली सभा बदलली, तिच्या तारखेसह. चौथा रकाना रिकामा असेल तर ती ओळ हिशेबात धरायची नाही. हा एकच नियम कडक ठेवायचा. बहुतेकांच्या वहीत पहिले दोन महिने चौथा रकाना रिकामाच राहतो आणि तिथेच वही कपाटात जाते. यावर उपाय म्हणजे उलटीकडून सुरुवात करायची. आधी चौथा रकाना भरायचा. येत्या महिन्यात कुठला कागद जाणार आहे? बोनसचा, शिफ्ट बदलाचा, कँटीनच्या दराचा? तो नीट लिहायला मला काय कमी पडतंय? ते शोधायला या आठवड्यात कुणाकडे जायचं? असं केलं की वर्षाच्या शेवटी कुठला वर्ग करायचा हे जाहिरात सांगत नाही, वही सांगते.

महिन्यातून एक दिवस मागच्या वर्षीच्या नोटिशी काढून बसण्यासारखं दुसरं शिक्षण नाही. दहा घ्यायच्या. प्रत्येकीवर पेन्सिलीने चार प्रश्न तपासायचे: हे कुणासाठी आहे, त्याने काय करायचं, कधीपासून, अडलं तर कुणाला विचारायचं. या चारांतलं एखादं उत्तर जरी पहिल्या तीन ओळींत सापडलं नाही तरी ती बाजूला काढायची. बाजूचा गठ्ठा मोठा होतो. मग एकेकीवर काम. 'सर्व संबंधितांनी' खोडून 'पॅकिंग आणि लोडिंग खात्यातल्या सगळ्यांनी, ठेकेदाराकडच्यांनीसुद्धा' असं लिहायचं. ठेकेदाराकडची माणसं नोटिशीतून सगळ्यात आधी गळतात. त्यांना वाटतं हे कंपनीवाल्यांसाठी आहे, आणि कंपनीला वाटतं ठेकेदार सांगेल. 'विलंबास अनुमती देण्यात येणार नाही' याच्या जागी 'सकाळी ७.१० नंतर पंच केलं तर अर्धा दिवस लागेल'. अशा दहा नोटिशी हाताने पुन्हा लिहिल्या की अकरावी लिहिताना हात आपोआप थांबतो.

मग ती लावण्याआधी तपासायची. इथे एक चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो: कागद पुढे धरून "समजलं का?" असं विचारतो. खान्देशात काय, कुठेच या प्रश्नाला "नाही" असं उत्तर येत नाही. साहेबांसमोर कोण म्हणणार? त्याऐवजी कागद वाचायला द्यायचा, परत घ्यायचा आणि विचारायचं, "घरी गेल्यावर वहिनींना काय सांगाल?" माणूस जे सांगतो ती आपली खरी नोटीस. त्यात तारीख आली नाही तर ती कागदावर चुकीच्या जागी आहे. भलतंच काही आलं तर तो शब्द काढायचा. तीन माणसं पुरतात, पण ती निवडून घ्यायची: एक रात्रपाळीचा, एक ठेकेदाराकडचा, एक सहा महिन्यांच्या आत लागलेला. सुपरवायझर शेजारी नको. वेळ जेवणाच्या सुट्टीतली शेवटची दहा मिनिटं, जेवण झाल्यानंतरची, आधीची नव्हे. आणि ज्याला वाचता येत नाही अशा माणसाला कधीही कागद हातात द्यायचा नाही. वाचून दाखवायचा आणि मग तोच प्रश्न विचारायचा. डोळे दुखतात, चष्मा घरी राहिला, असं म्हणणाऱ्या माणसाला दुसऱ्यांदा आग्रह करायचा नाही.

भाषेचा प्रश्न इथे येतोच. धुळ्याकडच्या आणि अमळनेर, पारोळा, चाळीसगावच्या कामगारांच्या घरात अहिराणी, यावल-रावेरकडच्यांच्या घरात लेवा बोली, नंदुरबार-शिरपूरच्या डोंगरपट्ट्यातून आलेल्यांच्या घरात पावरी किंवा भिली, आणि भट्टीवर, हमालीवर हिंदी पट्ट्यातली मुलं. नोटीस अहिराणीत लिहावी का, असं उत्साही माणसं विचारतात. मला वाटतं, लेखी कागद साध्या मराठीतच असावा. शाळेत सगळ्यांनी तीच लिपी वाचलेली असते, आणि अहिराणी वाचायची सवय अहिराणी बोलणाऱ्यांनाही कमीच. पण बोलायची वेळ आली की बोलीतच बोलावं. शिफ्ट सुरू होताना पाच-सात मिनिटांची जी उभ्या उभ्या बैठक होते, तिथे "आते काय बदलनं, काबरं बदलनं" असं सुरू झालेलं वाक्य आणि "आपणा सर्वांना कळविण्यात येते की" हे वाक्य, यांत माना वर होण्याचा फरक डोळ्यांनी दिसतो. ही बैठक सुपरवायझर घेतो, आपण नाही. म्हणून त्याच्यासाठी वेगळा कागद लागतो: सांगायचे तीन मुद्दे, हमखास येणारे दोन प्रश्न आणि त्यांची उत्तरं, आणि 'माहीत नाही, उद्या सांगतो' असं म्हणायची स्पष्ट मुभा. ही मुभा नसली की सुपरवायझर अंदाजाने उत्तर देतो आणि ते उत्तर कंपनीचं म्हणून फिरतं. ज्यांना अहिराणी येत नाही त्यांनी ती शिकावी. निदान ऐकून समजेल एवढी. वहीत तिचं एक वेगळं पान असावं.

या भागात या कामाचा एक जुना नमुना आहे. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये १९२० च्या दशकात साने गुरुजी शिक्षक होते, वसतिगृह त्यांच्याकडे होतं, आणि तिथल्या मुलांसाठी ते 'छात्रालय दैनिक' हाताने लिहून लावत. एका वसतिगृहापुरतं, त्या मुलांना ओळखणाऱ्या माणसाने लिहिलेलं. आज आपण ज्याला अंतर्गत संवाद म्हणतो त्यातलं सगळं त्यात आलं. वाचणारा माहीत होता, मजकूर त्याच्या दिवसाशी जोडलेला होता, आणि लिहिणारा रोज तिथेच राहत होता. आठवड्यातून एकदा कारखान्यात फेरी मारणाऱ्याला हे जमणार नाही. गेटवर उभं राहणं हेही वहीत लिहायचं शिक्षण आहे. शिफ्ट बदलताना वीस मिनिटं, बोर्डापासून दहा पावलांवर, हातात मोबाइल न धरता. कोण थांबतं, कोण नुसती मान वळवतं, कुणासाठी कोण वाचून दाखवतं. प्रत्येक खात्यात असा एक वाचून दाखवणारा असतोच. तो सापडला की निम्मं काम झालं. पुढची नोटीस आधी त्याला दाखवायची.

आता थोडं अक्षरांबद्दल, कारण इथे सुशिक्षित माणसंही अडखळतात. ऑफिसातल्या बऱ्याच संगणकांवर अजून जुने मराठी फाँट आहेत, युनिकोड (सगळ्या संगणकांवर आणि मोबाइलवर चालणारी अक्षरांची पद्धत) नसलेले. त्यात टाइप केलेली नोटीस छापून झकास दिसते, पण तोच मजकूर उचलून व्हॉट्सॲपवर टाकला की मोबाइलवर निरर्थक चिन्हांची रांग उमटते. मग घाईत कागदाचा फोटो काढून टाकतात. तो तिरका, सावली पडलेला, मोठा करून वाचायला गेलं की धूसर. फोटोतला मजकूर शोधता येत नाही आणि मोबाइलकडून वाचूनही घेता येत नाही. ज्याची नजर कमजोर आहे त्याच्यासाठी दारच बंद. युनिकोडमध्ये, इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या प्रमाण कीबोर्डवर टाइप करायला शिकणं हा रोज अर्धा तास दिला तर महिनाभराचा अभ्यास आहे, आणि आयुष्यभर पुरतो. कागदावरच्या अक्षराचाही हिशेब असतो. पाटी रंगवणारे जे प्रमाण धरतात ते दर मीटर अंतराला साधारण ८ मिलिमीटर उंचीचं अक्षर. बोर्डापुढे गर्दी असली की माणूस दोन मीटरवर उभा राहतो, म्हणजे मथळा १६ मिलिमीटरचा हवा, फाँटनुसार ६०-७० पॉइंटच्या घरात. बारा पॉइंट म्हणजे वेलांटी-उकार धरून जेमतेम चार मिलिमीटर. देवनागरीत वर मात्रा आणि खाली उकार असल्यामुळे ओळींमधलं अंतरही इंग्रजीपेक्षा जास्त लागतं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो. मजकूर एका कागदावर मावत नसेल तर अक्षर लहान करायचं नाही. मजकूर कमी करायचा.

१९४८ च्या कारखाना कायद्यानेच हे सांगून ठेवलं होतं. कलम १०८ मध्ये नोटिशी इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत, मुख्य प्रवेशद्वाराजवळ, ठळक जागी, स्वच्छ आणि वाचता येईल अशा अवस्थेत ठेवायची अट होती. 'वाचता येईल अशा' हे तीन शब्द पिवळ्या पडलेल्या, कोपरे दुमडलेल्या, वर्षानुवर्षांच्या कागदांनी भरलेल्या बोर्डांसमोर उभं राहून आठवावेत. प्रत्येक कागदाच्या खाली उजव्या कोपऱ्यात तो काढायची तारीख लिहायची सवय लावली तर बोर्ड आपोआप मोकळा राहतो.

व्हॉट्सॲपचंही शिकूनच घ्यावं लागतं. ग्रुपमध्ये १,०२४ माणसं मावतात. ब्रॉडकास्ट यादीत २५६, आणि तो मेसेज फक्त ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच जातो. हे ठाऊक नसल्यामुळे 'सगळ्यांना पाठवलं होतं' असं म्हणणारा ऑफिसवाला आणि 'आमले कोनीच सांगं नही' असं म्हणणारा कामगार, दोघंही खरं बोलत असतात. ग्रुपवर प्रत्येकाचा नंबर बाकीच्या सगळ्यांना दिसतो. महिला कामगारांच्या दृष्टीने ही किरकोळ गोष्ट नाही. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा हेतू समजून घेतला तर हजेरीचे तक्ते, आजारपणाचे दाखले, कारवाईची पत्रं ग्रुपवर टाकायला हात धजावणार नाही. त्याच कायद्यात संमतीची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या परिशिष्टातल्या २२ भाषांपैकी कुठल्याही भाषेत मागता येण्याची तरतूद आहे. मराठी त्यात आहे, अहिराणी नाही. व्हॉइस मेसेज उपयोगी पडतो, पण एक मिनिटाच्या आत, आणि मशीनच्या आवाजात तो कुणीच ऐकत नाही. घरी जाताना रिक्षात, बसमध्ये ऐकतात. म्हणून शिफ्ट सुटायच्या दहा मिनिटं आधी पाठवायचा. आणि महत्त्वाची गोष्ट फक्त मोबाइलवर कधीच नाही. खात्यात मोबाइल नेऊ देत नाहीत तिथे तर नाहीच नाही.

वेळेचं भान हे इथलं खास शिक्षण. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आठवड्यात शिफ्टच्या नव्या वेळा लावल्या तर त्या कुणी वाचणार नाही. माणसं गावी, लेकीबाळी माहेरी. श्रावणात कानबाई या खान्देशी देवीच्या उत्सवाच्या वेळी घरातला प्रत्येक जण गावाकडे ओढला जातो, पुण्या-सुरतेला गेलेलेसुद्धा. उत्सवाच्या त्या रविवारच्या आसपास सक्तीचा ओव्हरटाइम जाहीर केला तर गैरहजेरी वाढते आणि दोष कामगारांच्या बेशिस्तीला जातो. होळीच्या आधी सातपुड्यात आदिवासींचे भोंगऱ्या बाजार भरतात, तेव्हा पाड्यावरची मुलं थांबत नाहीत, थांबवूही नयेत. कापूस वेचणीच्या दिवसांत अर्धवेळ शेती करणारे थकलेले येतात, सभा लांबली की डोळे मिटतात. मे महिन्यात भुसावळ-जळगावात पारा ४५ च्या पलीकडे जातो, तेव्हा उघड्या गेटवर दुपारी तीनची सभा घेणं म्हणजे कुणाचंच ऐकायचं नाही असं आधीच ठरवणं. या सगळ्याची एक वार्षिक दिनदर्शिका करून ती वहीच्या पहिल्या पानावर चिकटवावी. दरवर्षी तिथी बदलतात, म्हणून पंचांग घेऊन नव्याने.

कायदे दरवर्षी वाचावे लागतात, वकिलासारखे नाही, वाचकासारखे. नव्या संहितांमधल्या कुठल्या गोष्टी कामगाराच्या हातात पडतात, एवढंच शोधायचं: प्रत्येकाला नेमणूकपत्र, चाळिशी ओलांडलेल्यांची वर्षाला मोफत आरोग्य तपासणी, मुदतीच्या करारावरच्यांना वर्षभरातच ग्रॅच्युइटीचा हक्क, नोकरी सुटल्यावर दोन कामाच्या दिवसांत वेतनाचा पूर्ण हिशेब. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात तर अंतर्गत समितीचा आदेश आणि शिक्षेची माहिती ठळक जागी लावणं मालकावर बंधनकारकच आहे. ती बहुतेक ठिकाणी लागते, पण ऑफिसच्या मजल्यावर, बायका जिथे कामच करत नाहीत तिथे. महिलांच्या कपडे बदलायच्या खोलीत, आतल्या बाजूला, थांबून वाचताना कुणी पाहणार नाही अशा जागी एक प्रत हवी. समितीवरच्या बाईंचा नंबर वर, मोठा. कायद्याचं नाव खाली.

शिकल्याचा परिणाम कसा मोजायचा, यावर पेशात मोठी चर्चा झाली आहे. संवादाचं मोजमाप कसं करावं यासाठीच्या २०१० च्या बार्सिलोना तत्त्वांनी एक गोष्ट ठासून सांगितली: किती पाठवलं ते मोजू नका, त्यामुळे काय घडलं ते मोजा. कारखान्यात हे सोपं आहे. टाइम ऑफिसच्या खिडकीवर एक कागद ठेवायचा आणि नोटीस लागल्यानंतरच्या आठवड्यात त्या विषयावर जो कुणी विचारायला येईल त्याची एक रेघ मारायची, प्रश्न दोन शब्दांत लिहायचा. पुढच्या वेळी तसाच विषय आला की पुन्हा. रेघा कमी झाल्या का, आणि प्रश्न बदलले का? "हातात किती?" असं विचारणारे कमी होऊन "माझ्या स्लिपमध्ये हा आकडा असा का?" असं विचारणारे आले, तर ती प्रगती आहे. खिडकीवरचा क्लार्क या कामात सगळ्यात मोठा जाणकार, आणि त्याला कुठल्याच बैठकीला बोलावत नाहीत. त्याला बोलावावं.

एक गोष्ट एकट्याने होत नाही. जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूर इथल्या हे काम करणाऱ्या आठ-दहा जणांनी तीन महिन्यांतून एकदा एकत्र बसावं. प्रत्येकाने आपली फसलेली एक नोटीस आणायची, कंपनीचं नाव आणि आकडे पांढऱ्या शाईने झाकून. लिहिणाऱ्याने गप्प बसायचं. बाकीच्यांनी ती वाचून आपण कामगार असतो तर काय समजलो असतो ते सांगायचं. मग सगळ्यांनी मिळून ती पुन्हा लिहायची. भाषणं नाहीत, सत्कार नाहीत. दोन तासांत चार नोटिशी होतात. महागड्या वेबिनारपेक्षा यातून जास्त मिळतं असं मी खात्रीने म्हणेन, कारण वेबिनारमधली उदाहरणं ईमेल वाचणाऱ्या माणसांची असतात आणि आपल्या माणसाच्या नावाने ईमेलच नसतो.

आणि ते पाच गुण. नीतिमत्तेचे.

या कामात असा दिवस येतो की वरून मसुदा येतो आणि त्यातलं एक वाक्य खरं नसतं. 'तांत्रिक कारणास्तव दुसरी शिफ्ट तात्पुरती बंद', आणि सगळ्यांना ठाऊक असतं की ऑर्डरच नाही. किंवा अपघात होतो. त्या दिवशी काय करायचं हे त्या दिवशी शिकता येत नाही. आधी शिकून, मालकाशी बसून, लिहून ठेवावं लागतं. पहिल्या तासाभरात काहीतरी गेलंच पाहिजे, नाहीतर गेटबाहेरचा पानठेला आपल्या आधी बोलतो. जखमी माणसाचं नाव घरच्यांना कळेपर्यंत कुठेही लिहायचं नाही, ग्रुपवर तर नाहीच. घरी फोन कोण करणार ते आधीच ठरलेलं हवं. शक्य असेल तर फोनऐवजी माणूस जावा, आणि तो घरच्यांची बोली बोलणारा असावा. कारण माहीत नसताना 'कामगाराच्या निष्काळजीपणामुळे' हे शब्द लिहायचे नाहीत, कुणी कितीही सांगितलं तरी. त्यावर सही करायला नकार देता आला पाहिजे. तो नकार कुठल्या शब्दांत द्यायचा, कुणाला पत्राची प्रत पाठवायची, सुरक्षा समितीवरच्या कामगार प्रतिनिधीला केव्हा बोलावायचं, याचा सराव त्रैमासिक बैठकीत मोठ्याने बोलून करता येतो. पहिल्यांदा आवाज कापतो, तिसऱ्यांदा कापत नाही. अपघातानंतरच्या पहिल्या कागदाचा नमुना कपाटाच्या दारावर आतून चिकटवलेला असावा: काय घडलं आणि किती वाजता, मशीन सध्या बंद आहे की चालू, जखमींना कुठे नेलं, आम्हाला अजून काय माहीत नाही, आणि पुढची माहिती किती वाजता याच बोर्डावर लागेल. शेवटच्या ओळीत जी वेळ लिहाल ती पाळायची. सांगण्यासारखं नवीन काही नसलं तरी त्या वेळी बोर्डापाशी जाऊन 'अजून कळलेलं नाही, पुढची माहिती सहा वाजता' एवढं लिहून यायचं.